संपून गेलेल्या अणूचं घड्याळ: ॲल्युमिनियम-२६ आणि पिपलिया कलांचा दगड

तासगावच्या आसपास विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, आणि मग काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, थिजलेला लाव्हा. त्याचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. आता समजा, दिसायला साधारण याच जातीचा एक बेसॉल्टचा तुकडा कुणी तुमच्या हातात ठेवला आणि सांगितलं की हा आकाशातून पडलाय आणि याचं वय ४५६ कोटी वर्षांच्या घरात आहे. तुमचा पहिला प्रश्न असेल, वय काढलं कसं? तो प्रश्न योग्यच आहे. पण या विषयाचा इतिहास वाचताना मला दुसराच प्रश्न जास्त अडवत राहिला. लाव्हा व्हायचा तर दगड आधी वितळायला हवा. मग तेव्हा, तिथे, एवढी उष्णता आली कुठून?

पृथ्वीच्या पोटात ऊब टिकते, कारण पृथ्वी मोठी आहे. लघुग्रह लहान असतात. मोठा हंडा आणि चहाचा कप एकाच वेळी चुलीवरून उतरवा, कप आधी गार होतो. तोच हिशेब इथे. आकाशातून पडणारे बेसॉल्ट, ज्यांना युक्राइट म्हणतात, ते बहुधा वेस्टा या लघुग्रहावरून आलेले आहेत. वेस्टाचा व्यास सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मुंबई-नागपूर सरळ रेषेत मोजलं तर तेवढ्यात सगळा ग्रह संपला. एवढ्या लहान पिंडात युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांची सावकाश निघणारी उष्णता साठून दगड वितळणं अवघड. ती निघते आणि तितक्याच निवांतपणे बाहेर जाते.

बरं, हा प्रश्न फक्त वितळलेल्या दगडांचा नाही. १८७९ साली सातारा जिल्ह्यात एक अशनी पडला. यादीत त्याचं नाव 'कलुंबी' असं आहे. तेव्हा तासगाव तालुका सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे हा अशनी तासगावकरांच्याही जिल्ह्यातला म्हणायला हरकत नाही. त्याचा प्रकार एल-६. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला पडलेला अशनीही एल-६ च. यातला 'एल' म्हणजे एकूण लोखंड कमी असलेला गट, आणि '६' हा आकडा दगड किती भाजला गेला ते सांगतो. ३ म्हणजे जवळजवळ कच्चा. ६ म्हणजे वितळला नाही, पण शेकडो अंश तापमानात इतका काळ राहिला की आतल्या मूळ गोल दाण्यांच्या कडा पुसट झाल्या. म्हणजे आपल्या जिल्ह्यात पडलेल्या साध्या दगडालाही तोच प्रश्न विचारावा लागतो: तुला भाजलं कुणी?

या प्रश्नाला १९५५ साली हॅरोल्ड युरी यांनी एक उत्तर सुचवलं. त्याच्या आदल्याच वर्षी प्रयोगशाळेत कळलं होतं की ॲल्युमिनियमचं २६ वस्तुमानाचं एक समस्थानिक बऱ्यापैकी दीर्घायुषी असतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ७.२ लाख वर्षं. म्हणजे दर ७.२ लाख वर्षांनी ते निम्मं होतं आणि मोडून मॅग्नेशियम-२६ बनतं. मोडताना उष्णता सोडतं. ॲल्युमिनियम दगडांत सगळीकडे असतं. सूर्यमाला जन्मली तेव्हा त्यात या किरणोत्सारी भावंडाचा थोडासा जरी वाटा असेल, तरी लहान पिंडही आतून वितळू शकतात. कल्पना छान. पण तपासायची कशी? ७.२ लाख वर्षांचं अर्धायुष्य आणि ४५६ कोटी वर्षांचा काळ. आज मूळच्या त्या साठ्यातला एक अणूही कुठे शिल्लक असणार नाही.

इथे जरा थांबा, कारण सगळी मेख इथेच आहे. युरेनियमच्या घड्याळात मूळ द्रव्य थोडं उरलेलं असतं आणि त्यातून झालेलं शिसंही असतं. दोन्ही मोजता येतात. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये अशनींतल्या शिशावरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं ते अशाच रीतीने. चूक-मर्यादा ७ कोटी. पण आपल्याला ज्या घटना लावायच्या आहेत त्या पहिल्या ५०-६० लाख वर्षांतल्या. सात कोटींच्या मर्यादेत त्या सगळ्या एकाच ठिपक्यात जातात. बारीक वेळ दाखवणारं घड्याळ हवं तर ते लवकर संपणारंच असणार, आणि लवकर संपणारं असेल तर ते आज सापडणार नाही. मग पुरावा राहतो तो फक्त त्याच्या संततीचा.

असा पुरावा मिळू शकतो हे पहिल्यांदा दाखवलं जॉन रेनॉल्ड्स यांनी, १९६० मध्ये. त्यांना रिचर्डटन नावाच्या अशनीत झेनॉन-१२९ प्रमाणाबाहेर जास्त सापडला. तो आयोडिन-१२९ पासून आलेला, आणि त्या आयोडिनचं अर्धायुष्य सुमारे १.६ कोटी वर्षं. म्हणजे हा अशनी घडला तेव्हा आयोडिन-१२९ जिवंत होतं. पण झेनॉन हा दगडात मुळातच जवळपास नसलेला वायू. रिकाम्या ताटात चार दाणे पडले तरी दिसतात. मॅग्नेशियमचं तसं नाही. ते तर अशनींचं मुख्य द्रव्य. भाताच्या ढिगात चार दाणे जास्त पडले हे कसं ओळखणार?

उपाय एकच: असं खनिज शोधायचं ज्यात ॲल्युमिनियम भरपूर आणि मॅग्नेशियम जवळपास नाही. फेल्डस्पार तसा असतो. १९७० साली एका गटाने अशनींच्या फेल्डस्पारमध्ये जादा मॅग्नेशियम-२६ सापडल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी कॅलटेकमध्ये श्रॅम, टेरा आणि जेरी वॉसरबर्ग यांनी पृथ्वीवरचे, चंद्रावरचे आणि अशनींतले फेल्डस्पार फार काळजीपूर्वक मोजले. निकाल: काहीही जादा नाही.

हा 'काही नाही'वाला शोधनिबंध संशोधनाला लागण्याआधी जरूर वाचा, असं मी प्रत्येकाला सांगते. आपल्याकडे एम.एस्सी.च्या प्रकल्पात नकारात्मक निकाल आला की पोरं घाबरतात, गाईडचं तोंड उतरतं. इथे नकारात्मक निकालाने दोन कामं केली. आधीचा दावा टिकू दिला नाही, आणि मर्यादा आखून दिली: या दगडांत, हे खनिज स्फटिक होत असताना, ॲल्युमिनियम-२६ असलंच तर याहून कमी. लक्षात घ्या, 'सूर्यमालेत नव्हतं' असं ते वाक्य नाही. तो फेल्डस्पार उशिरा घडला असेल, किंवा नंतर पुन्हा तापून त्यातलं मॅग्नेशियम सगळीकडे सारखं झालं असेल, तर खूण पुसलीच जाणार. दगड चुकीचा असू शकतो, कल्पना नव्हे.

योग्य दगड तोपर्यंत जमिनीवर आलेला होता. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोत आयेंदे नावाच्या गावाजवळ अशनींचा वर्षाव झाला आणि सुमारे दोन टन माल गोळा झाला. योगायोग असा, की अपोलो-११ जुलैत चंद्रावरचे दगड आणणार म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा नवीन यंत्रं लावून तयार बसल्या होत्या. वॉसरबर्ग यांच्या प्रयोगशाळेचं नावच 'ल्युनॅटिक असायलम' होतं. चंद्रासाठी घेतलेली धार आयेंदेवर चालवायला मिळाली. आयेंदेच्या दगडात पांढरट गाठी होत्या, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमने भरलेल्या. तापलेला वायू निवताना सगळ्यात आधी जे घन होईल, नेमकं तसंच त्यांचं रसायन. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रे आणि कॉम्प्स्टन यांना, आणि कॅलटेकमध्ये टायफून ली आणि पापानास्तासिऊ यांना या गाठींत मॅग्नेशियमचं प्रमाण बिघडलेलं दिसलं.

तरीही तो पुरावा पुरेसा नव्हता. का, ते समजलं तर हा सगळा विषय समजला.

आपल्या भागातलंच उदाहरण घेते. समजा द्राक्षाच्या हंगामात तासगावातून वेगवेगळ्या शेडना माल गेला. प्रत्येक खेपेत बिनबियांची हिरवी द्राक्षं आणि त्यात ठरावीक प्रमाणात बियांची काळी. शेडवरच्या पोरांनी काळी तेवढी खाऊन संपवली आणि बिया तिथेच टाकल्या. तुम्ही महिनाभराने गेलात. काळं द्राक्ष एकही नाही. हिरवी आहेत आणि बिया आहेत. आता एखाद्या शेडमध्ये बिया जास्त दिसल्या, तर त्यावरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. त्या आधीपासूनच तिथे सांडलेल्या असतील. पण दहा शेड मोजल्यावर असं दिसलं की जिथे हिरवी दुप्पट तिथे जादा बियाही दुप्पट, आणि आलेखावर सगळे ठिपके एका सरळ रेषेत बसतात, तर मग बिया हिरव्यांबरोबरच आल्या होत्या हे मान्य करावं लागतं. आणि त्या रेषेचा चढ तुम्हाला सांगतो की मुळात हिरव्यांमागे काळी किती होती. जे आज उरलंच नाही, त्याचं मूळ प्रमाण.

हिरवी द्राक्षं म्हणजे स्थिर ॲल्युमिनियम-२७, काळी म्हणजे ॲल्युमिनियम-२६, बिया म्हणजे मॅग्नेशियम-२६. १९७६ मध्ये ली, पापानास्तासिऊ आणि वॉसरबर्ग यांनी आयेंदेच्या एकाच गाठीतली वेगवेगळी खनिजं सुटी करून मोजली. ज्या खनिजात ॲल्युमिनियम जास्त, तिथे मॅग्नेशियम-२६ जास्त, आणि ठिपके एका रेषेत. ॲल्युमिनियमने सगळ्यात भरलेल्या दाण्यांत ही वाढ शेकडा नऊ-दहाच्या घरात होती. यंत्राच्या चुकीने एवढं येत नाही. मॅग्नेशियम-२५ मात्र जागच्या जागी होतं, म्हणजे नुसतं बाष्पीभवन होऊन जड-हलकं वेगळं झालंय असंही म्हणता येईना. चढावरून निघालेलं प्रमाण: ॲल्युमिनियम-२७ च्या एक लाख अणूंमागे ॲल्युमिनियम-२६ चे पाच.

पाठ्यपुस्तकं गोष्ट इथे संपवतात. युरींचं भाकीत खरं ठरलं, टाळ्या. पण मूळ प्रश्न उष्णतेचा होता ना? पांढऱ्या गाठी हे मिलीमीटर-सेंटीमीटरचे कण. ते कुठल्या लघुग्रहाच्या पोटात वितळलेले नाहीत. त्यांच्यात ॲल्युमिनियम-२६ होतं यावरून वेस्टासारखा पिंड त्याच उष्णतेने वितळला हे ठरत नाही. कदाचित गाठी घडल्या तो वायूचा कोपराच वेगळा असेल. कदाचित पिंड जमायला इतका वेळ लागला असेल की तोवर सगळं संपलं. प्रत्यक्ष वितळून निघालेल्या दगडात, युक्राइटमध्ये, ती खूण कुणाला मिळत नव्हती. शोधली गेली होती, सापडत नव्हती. आणि तेवीस वर्षं हे असंच राहिलं.

आता अहमदाबादला जावं लागेल, आणि त्याआधी पाच मिनिटं मुंबईला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्याभोवती वैश्विक किरण, अशनी आणि चंद्रशिळा यांवर काम करणारा एक गट उभा राहिला होता. १९७२ मध्ये लाल भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे, म्हणजे पी.आर.एल.चे, संचालक म्हणून अहमदाबादला गेले आणि हे कामही तिकडे सरकलं. महाराष्ट्रात अशनी-विज्ञानाची परंपरा का रुजली नाही याचं थोडं उत्तर या एका बदलीत आहे, असं माझं मत. तिथे पुढे आयन मायक्रोप्रोब आला. या यंत्राचा फायदा असा की खनिज कुटून, विरघळवून वेगळं करावं लागत नाही. आयनांचा बारीक झोत केसाहूनही कमी जाडीच्या जागेवर मारायचा, उडालेले अणू वजनाप्रमाणे वेगळे करायचे. एकाच दगडातला शुद्ध फेल्डस्पारचा नेमका ठिपका निवडता येतो.

या यंत्रावर १९९४ मध्ये गोपालन श्रीनिवासन, उल्यानोव आणि जितेंद्रनाथ गोस्वामी यांनी एफ्रेमोव्का अशनीच्या गाठींत कॅल्शियम-४१ होतं हे दाखवलं. त्याचं अर्धायुष्य फक्त एक लाख वर्षं. म्हणजे कुठल्यातरी ताऱ्यात ते तयार झाल्यापासून गाठीत बंद होईपर्यंत दहा-एक लाख वर्षांहून जास्त काळ गेलाच नसणार, नाहीतर शोधण्याइतकं उरलंच नसतं. माझ्या दृष्टीने भारतातल्या मोजमापांतलं हे सर्वांत धाडसी मोजमाप. पण आपला विषय उष्णतेचा.

२० जून १९९६ च्या रात्री राजस्थानच्या पाली जिल्ह्यात पिपलिया कलां गावी दोन दगड पडले, मिळून सुमारे ४२ किलो. युक्राइट. ताजा, पावसापाण्यात न पडलेला. श्रीनिवासन, गोस्वामी आणि नरेंद्र भांडारी यांनी त्यातला फेल्डस्पार आयन मायक्रोप्रोबखाली घेतला. किती बारीक खूण शोधायची होती ते बघा. त्यांनी काढलेलं मूळ प्रमाण होतं एक कोटी अणूंमागे साडेसात. समजा फेल्डस्पारच्या एका ठिपक्यात ॲल्युमिनियम मॅग्नेशियमच्या हजारपट आहे. तर मॅग्नेशियम-२६ चं मॅग्नेशियम-२४ शी असलेलं गुणोत्तर, जे नेहमी ०.१३९ च्या आसपास असतं, ते हजारी फक्त पाचने वाढेल. आयेंदेतली वाढ शेकड्यात होती, इथली हजारात. निबंध १९९९ मध्ये 'सायन्स'मध्ये आला.

आता वही घ्या, वय आपणच काढू. गाठींमध्ये प्रमाण लाखामागे पाच, म्हणजे कोटीमागे पाचशे. पिपलिया कलांमध्ये कोटीमागे साडेसात. पाचशेला साडेसातने भागा: ६६.७. म्हणजे गाठी घडल्यापासून हा बेसॉल्ट थिजेपर्यंत साठा ६६.७ पटीने कमी झाला. दर अर्धायुष्यात निम्मा होतो. सहा वेळा निम्मा केला की ६४ पट कमी. म्हणजे सहा अर्धायुष्यांहून किंचित जास्त, ६.०६. त्याला ७.२ लाखांनी गुणा. सुमारे ४४ लाख वर्षं. ४५६ कोटी वर्षांपूर्वीच्या दोन घटनांमधलं अंतर, लाखांच्या हिशेबात, एका भागाकाराने. मला पहिल्यांदा हे गणित जमलं तेव्हा मी ते तीनदा करून पाहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, कोटीमागे साडेसात अणूंनी कसला दगड वितळतो? बरोबर, नाहीच वितळत. पण हा आकडा दगड थिजतानाचा आहे. थिजायच्या आधी तो वितळला, वितळायच्या आधी पिंड जमला, आणि पिंड जमला तेव्हा साठा कितीतरी पट जास्त असणार. मुद्दा एवढाच होता की वितळलेल्या पिंडाच्या दगडात ॲल्युमिनियम-२६ जिवंत होतं की नाही. होतं. युरींच्या सूचनेला ४४ वर्षं झाली होती. आणि इतर अनेक युक्राइटमध्ये ते का दिसत नाही, याचंही उत्तर जवळपास तिथेच मिळतं: ते खोलवर सावकाश निवले किंवा नंतर आघातांनी पुन्हा तापले. तापलेल्या फेल्डस्पारमधून मॅग्नेशियम इकडेतिकडे सरकतं आणि रेषेचा चढ सपाट होतो.

पण या ४४ लाखांत एक गृहीत दडलेलं आहे, आणि तुमच्या मुलाखतीत कुणी हुशार परीक्षक असेल तर तो तेच विचारेल. भागाकार करताना आपण धरून चाललो की गाठी जिथे घडल्या आणि वेस्टा जिथे घडला, त्या दोन्ही जागी सुरुवातीला लाखामागे पाचच होते. म्हणजे ॲल्युमिनियम-२६ सगळ्या वायूत एकसारखं मिसळलेलं होतं. द्राक्षांच्या भाषेत, सगळ्या खेपांत काळ्यांचं प्रमाण सारखं. तसं नसेल तर ४४ लाख हे वय नाहीच; तो फक्त दोन जागांमधला फरक. २००२ मध्ये कुलजीत मऱ्हास, गोस्वामी आणि डेव्हिस यांनी मर्चिसन अशनीतले हिबोनाइट खनिजाचे असे दाणे दाखवले ज्यांत बेरिलियम-१० होतं, पण ॲल्युमिनियम-२६ आणि कॅल्शियम-४१ नव्हतं. बेरिलियम कोवळ्या सूर्याच्या कणांच्या माऱ्याने होऊ शकतं, तारे ते बनवत नाहीत. त्यावरून ॲल्युमिनियम-२६ मुख्यतः बाहेरच्या ताऱ्यातून आलं या मताला बळ मिळालं. पण बाहेरून आलेली गोष्ट लगेच एकसारखी मिसळते का, हा प्रश्न उलट जास्त टोकदार झाला.

पडताळा घ्यायचा तर वेगळ्या घड्याळावरच घ्यावा लागतो, आणि ते म्हणजे युरेनियम-शिशाचं. पॅटरसन यांची सात कोटींची मर्यादा तोपर्यंत काही लाखांवर आली होती. पण तिथेही धक्का बसला. या पद्धतीत युरेनियम-२३८ आणि २३५ यांचं गुणोत्तर सगळीकडे १३७.८८ असं धरत, आणि ते कुणी दगडागणिक मोजत नसे. सूर्यमालेत ते स्थिर आहे असंच पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. २०१० मध्ये ब्रेनेका आणि सहकाऱ्यांनी आयेंदेच्या गाठींत ते प्रत्यक्ष मोजलं आणि ते गाठीगणिक बदलताना दिसलं. कारण आणखी एक संपून गेलेला अणू, क्युरियम-२४७, जो मोडून युरेनियम-२३५ होतो. त्यामुळे वयात पडणारा फरक ५० लाख वर्षांपर्यंत जाऊ शकत होता. आपण काढलेलं अख्खं अंतर ४४ लाखांचं आहे, हे आठवा.

गुणोत्तर मोजून पुन्हा गणित केल्यावर, २०१२ मध्ये, गाठींचं वय ४५६.७३ कोटी वर्षं निघालं आणि मर्यादा अवघी १.६ लाख वर्षं. पण त्याच निबंधात कोपनहेगनच्या गटाने कॉन्ड्र्यूल मोजले होते. कॉन्ड्र्यूल म्हणजे अशनींतले ते गोल दाणे, ज्यांच्या कडा कलुंबी-काटोलमध्ये पुसट झाल्या. शिशाच्या घड्याळाने त्यातले काही दाणे गाठींइतकेच जुने दाखवले. ॲल्युमिनियमचं घड्याळ मात्र बहुतेक कॉन्ड्र्यूल गाठींनंतर वीसेक लाख वर्षांनी झाले असं सांगतं. यातलं एक घड्याळ चुकतंय, की ॲल्युमिनियम-२६ सगळीकडे सारखं नव्हतं, की मोजलेले दाणे प्रातिनिधिक नव्हते, यावर आजही दोन गट आहेत आणि दोघांकडेही चांगली यंत्रं आहेत.